खणलेली माती गेली कुठे?

भोरहून महाडला जाणारा वरंध घाटाचा रस्ता खिंडीपाशी येतो, तिथे वाघजाईचे देऊळ आहे. बहुतेक गाड्या इथे थांबतात. समोर कोकणात उतरणारे उंच कडे, आणि खाली शिवथरचे खोरे. शिवथर म्हटले की आपल्याला समर्थ रामदासांची घळ आणि दासबोध आठवतो. काही वर्षांपूर्वी शाळकरी मुलांच्या एका गटाबरोबर मी इथे उतरलो होतो. मुलांना आधीच सांगून ठेवले होते, की आज आपण कावळ्या नावाचा किल्ला पाहणार आहोत. खाली उतरताच एका मुलीने विचारले, "सर, किल्ला कुठाय?"

मी म्हटले, "आपण किल्ल्यातच उभे आहोत."

ते खरेच होते. घाटाचा रस्ता करताना डोंगराची सोंड मध्येच फोडली गेली आणि कावळ्या किल्ल्याचे दोन तुकडे झाले. रस्ता किल्ल्याच्या पोटातून जातो. दोन्ही अंगांना वर चढून गेले तर तटाचे मोजके अवशेष, घरांची जोती आणि कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. पण दरवाजा नाही, बुलंद बुरूज नाहीत, तोफ नाही. मुलीचा चेहरा पडला. तिच्या मनातला किल्ला म्हणजे उभी भिंत होती.

तिचा प्रश्न मात्र चांगला होता. भिंत पडून गेल्यावर, दगडही लोकांनी उचलून नेल्यावर, किल्ला ओळखायचा कसा? याचे उत्तर एका साध्या प्रश्नात आहे. तो प्रश्न जगातल्या कोणत्याही जुन्या जागेला विचारता येतो: इथून खणलेली माती गेली कुठे, आणि इथे टाकलेली माती आली कुठून?

दिवाळीतला किल्ला आणि नॉर्मनांचा किल्ला

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, वर पोते टाकायचे, त्यावर चिखल थापायचा. माती शेजारच्याच खड्ड्यातून आणलेली असते. शेवटी त्या खड्ड्यालाच तळे किंवा खंदक म्हणायचे. म्हणजे एकाच श्रमात दोन गोष्टी होतात. जितकी माती वर जाते, तितकाच खड्डा खाली जातो.

सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर फ्रान्समध्ये सरदारांनी नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले. सपाट जमिनीवर गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध टाकून टेकाड उभे करायचे आणि त्याच्या माथ्यावर लाकडी मनोरा बांधायचा. या टेकाडाला 'मॉट' म्हणतात. त्याच्या पायथ्याशी मातीचा बांध, त्यावर लाकडी कुंपण आणि बाहेरून आणखी एक खंदक असे आवार करायचे. त्याला 'बेली' म्हणतात. बेलीत राहण्याची घरे, तबेले, कोठारे, लोहाराची भट्टी. शत्रूने बेली घेतलीच, तर वर मॉटवर पळायचे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि थोड्याच वर्षांत तिथे असे शेकडो किल्ले उभे राहिले. या स्वारीची कथा सुमारे ७० मीटर लांबीच्या एका भरतकामाच्या कापडावर चितारली आहे. फ्रान्समधल्या बायू गावाच्या नावाने ते ओळखले जाते. त्यात हेस्टिंग्ज इथे मॉट उभारतानाचे दृश्य आहे. फावडी घेतलेले मजूर, आणि त्यांच्यातले दोघे काम सोडून फावड्यांनी एकमेकांना बडवत आहेत! पण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. टेकाड एकाच रंगाचे दाखवलेले नाही, त्यात वेगवेगळ्या रंगांचे आडवे पट्टे आहेत. अनेक अभ्यासकांच्या मते हे टेकाडातले मातीचे थर असावेत. थरांकडे आपण पुन्हा येऊ.

लाकडी मनोरे केव्हाच कुजले, जळले. काही ठिकाणी त्यांच्या जागी दगडी बांधकाम आले. विंडसरच्या राजवाड्यातला गोल बुरूज आजही जुन्या मॉटवरच उभा आहे. पण बहुतेक ठिकाणी आज उरले आहे ते फक्त गवताने झाकलेले टेकाड आणि त्याभोवतीची उथळ खळगी. वर मेंढ्या चरत असतात. ज्याला माहीत नाही त्याला ती साधी टेकडी वाटते.

एका टेकाडाचा हिशेब

वर्गात करता येईल असा एक हिशेब पाहू. समजा मॉटचा पायथा ४० मीटर व्यासाचा, माथा १२ मीटर व्यासाचा आणि उंची १० मीटर आहे. आकार बादली उपडी ठेवल्यासारखा, म्हणजे शंकूचा छेद. दहावीचे सूत्र वापरले तर घनफळ सुमारे ५,८०० घनमीटर येते.

आता पायथ्याशी खंदक खणू. वर १० मीटर रुंद, ५ मीटर खोल, तळाला निमुळता. त्याचा उभा छेद त्रिकोणी, क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. खंदकाच्या मधल्या रेषेची त्रिज्या २५ मीटर, म्हणजे परीघ सुमारे १५७ मीटर. यातून साधारण ३,९०० घनमीटर माती मिळते. टेकाडाला तर ५,८०० हवी. उरलेली जवळजवळ १,९०० घनमीटर आली कुठून?

हाच आपला प्रश्न. ती बेलीच्या खंदकातून आली असेल. तिथे मूळची छोटी टेकडी असेल आणि नॉर्मनांनी तिच्यावरच भर घातली असेल. किंवा खंदक आज दिसतो त्यापेक्षा बराच खोल असेल आणि नऊशे वर्षांच्या गाळाने भरून आला असेल. हिशेब जुळला नाही की शोध सुरू होतो.

मजूर किती लागतील? १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी तळी आणि बांध खणले, ती माणसे आजही गावोगावी भेटतात. मातीकामाच्या मोजणीची पद्धत त्यांना विचारा. खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खांब न खणता ठेवतात. त्या खांबाच्या उंचीवरून किती खोल खणले ते कळते आणि त्यावर मजुरी ठरते. मोजमाप खड्ड्याचे होते, ढिगाचे नाही, कारण खणलेली माती फुगते. चांगली चोपली म्हणजे ती पुन्हा बसते.

खणणे, घमेल्याने वर वाहणे आणि चोपणे धरून एका माणसामागे दिवसाला एक घनमीटर असे मानू. शंभर माणसांना आपले टेकाड करायला दोन महिने लागतील. आता हे वाचा. १०६९ साली विल्यमने यॉर्कमध्ये आठ दिवस थांबून दुसरा किल्ला उभारला, असे ऑर्डरिक नावाच्या बाराव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हे शक्य आहे का? ५,८०० ला ८ ने भागा. रोज सव्वासातशे माणसे लागतील. सैन्य हाताशी आणि आसपासची गावे वेठीला धरलेली असतील, तर अशक्य नाही. पण टेकाड याहून मोठे असेल, तर आठ दिवसांत ते पुरे झाले नसणार, फक्त सुरू झाले असणार. जुन्या ग्रंथातले विधान त्रैराशिकाने तपासता येते, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

ढीग किती चढा उभा राहतो?

टेकाड जितके चढे, तितके शत्रूला चढायला अवघड. मग ते भिंतीसारखे उभेच का नाही करायचे? कारण माती ऐकत नाही.

करून पहा. कोरडी चाळलेली वाळू एका जागी हळूहळू ओता. ढीग वाढत जातो, पण त्याच्या उताराचा कोन बदलत नाही. कोन वाढू लागला की वरचे कण घसरतात आणि तो पुन्हा पूर्ववत होतो. कोनमापकाने मोजा. साधारण ३० ते ३५ अंश येईल. याला विश्रामकोन म्हणतात. तांदूळ, रवा, खडी असे वेगवेगळे ढीग करून कोनांची तुलना करा. गुळगुळीत गोल दाण्यांचा कोन कमी येतो, खडबडीत कोनेरी दाण्यांचा जास्त.

आता तीच वाळू किंचित ओलसर करून वाटीने पाडा. तिची कडा सरळ उभी राहते. कणांमधल्या पाण्याचा पातळ पापुद्रा पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. शेवटी त्या वाळूवर हळूहळू पाणी घालत राहा. एका क्षणी सगळा ढीग बसतो. आता कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या आहेत. ओढून धरणारा पापुद्रा राहिला नाही, उलट पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर लोटतो आहे. थोडे पाणी मातीला बांधते आणि जास्त पाणी मोडते.

आपल्या हिशेबातल्या टेकाडाचा उतार काढा: १० मीटर उंची, १४ मीटर आडवे अंतर. कोन ३५ ते ३६ अंश येतो, म्हणजे कोरड्या मातीच्या मर्यादेवरच. याहून चढे टेकाड हवे असेल तर कारागिरी लागते. एक थर चिकणमातीचा, एक थर दगडगोट्यांचा किंवा मुरमाचा असे घालत जायचे आणि प्रत्येक थर धुम्मसने चोपायचा. चिकणमाती कणांना धरून ठेवते, गोट्यांचा थर पाण्याला वाट देतो. बायूच्या कापडावरचे पट्टे खरेच थर असतील, तर ते याच कारागिरीचे. बाहेरून गवताची ढेकळे लावायची, म्हणजे मुळे पृष्ठभाग बांधून ठेवतात. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण अळीव आणि मोहरी पेरतो ती शोभेसाठी. पण उगवल्यानंतर तो किल्ला पाण्याच्या शिंतोड्याने तितका ओघळत नाही, हे मुलांनी पाहिलेले असते. कारण विचारायचे राहून गेलेले असते.

सह्याद्रीत टेकाड आयतेच

आता वरंध घाटात परत येऊ. इथे कुणी मातीचे टेकाड उभे केले नाही, कारण त्याची गरजच नव्हती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्यातून दख्खनचा बेसाल्ट झाला. थर जवळजवळ आडवे. काही कठीण, काही मऊ. मऊ थर लवकर झिजतात, त्यांचे उतार आणि पायऱ्या होतात. कठीण थरांचे कडे उभे राहतात. कठीण थराखालचा मऊ थर झिजला तर कपारी आणि घळी होतात. त्यामुळे सह्याद्रीचा डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.

किल्ला बांधणाराने या पायऱ्या वापरल्या. सर्वांत वरचा तुटक्या कड्यांचा माथा म्हणजे बालेकिल्ला. त्याखालची रुंद सपाटी म्हणजे माची. राजगड पहा. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. माचीवर वस्ती, आणि माची पडलीच तर बालेकिल्ल्याचा आसरा. हीच तर मॉट आणि बेलीची योजना. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नव्हते. प्रश्न एकच होता म्हणून उत्तरही एकच निघाले. फरक एवढाच, की त्यांना उंची रचावी लागली आणि आपल्याकडे ती निसर्गाने दिली.

मग आपल्या लोकांनी काय केले? त्यांनी भर घातली नाही, डोंगर तासला. जिथे कडा पुरेसा उभा नाही तिथे तो छिन्नीने तासून सरळ केला. जिथे सोंड शेजारच्या डोंगराला जोडलेली आहे तिथे ती आडवी तोडून खाच पाडली. आणि पाण्यासाठी कातळात टाकी कोरली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५-१६ च्या सुमारास) दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा तर घ्यायलाच हवी असेल तर खडक फोडून टाकी करावी, गडाजवळ दुसरा उंच डोंगर असेल तर तो सुरुंगाने फोडून गडाच्या आटोक्यात आणावा, अशा सूचना त्यात आहेत. म्हणजे डोंगराचा आकार बदलणे हा किल्ला बांधण्याचाच भाग होता.

इथेही आपला प्रश्न विचारा: खणलेले गेले कुठे? ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल असे एक टाके धरा. त्यातून ७२ घनमीटर कातळ निघतो. बेसाल्टचा एक घनमीटर सुमारे २.८ टन भरतो, म्हणजे २०० टन दगड. हा दगड डोंगराखाली कोण नेणार? तो तिथेच वापरला. दीड मीटर जाड आणि तीन मीटर उंच तट धरला तर या एका टाक्याच्या दगडातून सुमारे १६ मीटर तट होतो. खाण आणि पाणवठा एकच. टाके जितके खोल, तितका तट लांब.

पाण्याचाही हिशेब करा. ७२ घनमीटर म्हणजे ७२,००० लिटर. गडावर ५० माणसे आहेत, प्रत्येकाला दिवसाला १० लिटर पाणी लागते आणि पाऊस संपल्यावर २४० दिवस काढायचे आहेत असे धरा. १,२०,००० लिटर हवे, म्हणजे अशी किमान दोन टाकी. बाष्पीभवनाला थोडे उरतेही. हा हिशेब उलटाही करता येतो. एखाद्या ओसाड डोंगरावर टाकी मोजा, त्यांची मापे घ्या, आणि तिथे जास्तीत जास्त किती शिबंदी राहू शकत होती ते काढा. तट एकही दगड न उरता गेला असला तरी उत्तर येते. दगड उचलून नेता येतो, खड्डा उचलून नेता येत नाही.

खड्डा राहतो, ढीग वाहून जातो

महाड-पोलादपूर भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. पूर्व इंग्लंडमध्ये सहा-सातशे मिलिमीटर, तोही वर्षभर रिमझिम. नॉर्मन पद्धतीचे मातीचे टेकाड शिवथरच्या खोऱ्यात घातले असते तर काही पावसाळ्यांतच त्याचा आकार हरवला असता. म्हणून इथे शोधायचे ते कोरलेले, रचलेले नाही.

घाटमाथ्यावरून पूर्वेला देशावर गेले की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि मातीची बांधकामे दिसू लागतात. भीमा-गोदावरीच्या खोऱ्यांतल्या गावोगावच्या गढ्या आठवा. उंचवट्यावर मातीचे जाड बुरूज, आत देशमुखाचा किंवा पाटलाचा वाडा, पायथ्याशी गाव. मॉट आणि बेलीला आपल्याकडचा सगळ्यांत जवळचा नमुना हाच. अनेक गढ्यांचा उंचवटा मुद्दाम घातलेला नसतो, ते गावाचेच जुने टेकाड असते. एकाच जागी पिढ्यानुपिढ्या मातीची घरे पडत राहिली, चुलीची राख साचत राहिली, की जमीन वर येते आणि मातीचा रंग पांढुरका होतो. शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी', हे आपल्या भाषेतच आहे. अशा पांढरीच्या टेकाडांतूनच महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास बाहेर आला. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा पाट आणि त्याचा बांध सापडला. म्हणजे इथेही खड्डा आणि भर सोबतच होते.

आकार पाहून वय सांगू नये

टेकाड ओळखता आले, तरी ते केव्हाचे हे आकारावरून कळत नाही. इंग्लंडमधल्या मार्लबरो इथे एका शाळेच्या आवारात सुमारे १९ मीटर उंचीचा मॉट आहे. नॉर्मन किल्ल्याचा म्हणून तो प्रसिद्ध. शास्त्रज्ञांनी वरून पोकळ नळी उतरवून मातीचा उभा नमुना काढला. थरांत कोळशाचे कण होते. त्यांचे वय रेडिओकार्बन पद्धतीने काढले आणि २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: टेकाड इसवी सनापूर्वी सुमारे २४०० चे! नॉर्मनांनी ते घातले नव्हते, आयते वापरले होते. पुढे अशी आणखी टेकाडे तपासली गेली. यॉर्कशरमधल्या स्किप्सीचा मॉट लोहयुगातला, म्हणजे नॉर्मनांच्या आधी दीड हजार वर्षांचा, असे २०१६ मध्ये कळले. शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत असलेली गोष्ट चिमूटभर कोळशाने बदलली.

वेल्सच्या सीमेवर हेन डोमेन नावाचा मॉट आहे. १९६० पासून सुमारे तीस वर्षे तिथे अगदी सावकाश, थराथराने खोदकाम झाले. दगडी बांधकाम जवळजवळ नव्हतेच. पण कुजलेल्या खांबांच्या जागी मातीचा रंग बदललेला होता. त्या गोल काळपट डागांवरून दाटीवाटीने उभ्या असलेल्या लाकडी इमारतींचा आराखडा मिळाला. आपल्या गडांवर कातळात खांबांसाठी कोरलेले गोल खळगे दिसतात. त्यांचे महत्त्व तेच आहे.

आणि एक उदाहरण शिवथरच्या शेजारचे. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हा हा सगळा मुलूख स्वराज्यात आला. १६५९ साली त्यांनी बाजीप्रभू देशपांडे यांना पत्र लिहून ओस पडलेला एक डोंगरी किल्ला वसवायला सांगितले आणि त्याचे नाव मोहनगड ठेवायला सांगितले. पत्र राहिले, किल्ला मात्र विस्मरणात गेला. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी घाटमाथ्यावरच्या शिरगावजवळचा दुर्गाडी नावाचा डोंगर हाच तो मोहनगड, अशी ओळख पटवली. तिथे भव्य तट नाही. आधार मिळाला तो कातळातल्या पायऱ्या आणि टाकी अशा खुणांचा, म्हणजे कोरून काढलेल्या भागांचा.

जे पुसले जात आहे

आज यंत्राने एका दिवसात जेवढी माती हलते तेवढी हलवायला पूर्वी शंभर माणसांना आठवडे लागत. रस्ता रुंद करायचा असतो, घराला सपाट जागा हवी असते, शेतात पांढरीची सकस माती टाकायची असते. टेकाडावर पाटी नसते, भिंत नसते. ते काढणाऱ्या माणसाला आपण काही पुसतो आहोत हे माहीतच नसते. मी एका गावात गढीचा अर्धा उंचवटा ट्रॉलीतून जाताना पाहिला. कापलेल्या कडेवर राखेचे काळे आणि मातीचे पिवळे थर स्वच्छ दिसत होते. पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा कडाही नव्हती. दगडी तट पडला तर दगड पुन्हा रचता येतात. थर एकदा कालवले गेले की कोळशाचा कण कोणत्या थरातला हे कायमचे हरवते.

मातीचे वागणे समजून घेण्याला याहून मोठेही कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी पडल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत महाडच्या जुई, दासगाव आणि इतर गावांनी हेच सोसले. अतिवृष्टीत कातळावरचा माती-मुरमाचा थर पाण्याने तुडुंब होतो. वर्गातला वाळूचा ढीग शेवटच्या पाण्याने ज्या कारणाने बसला, तेच कारण इथेही असते. ज्या मुलांनी तो प्रयोग हाताने केला आहे, त्यांना उतारावर पडलेली नवी भेग, कललेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा यांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

शाळेला काय करता येईल?

खणू नका, हा पहिला नियम. खणायचे काम परवानगी असलेल्या तज्ज्ञांचे. आपण पाहायचे, मोजायचे आणि नोंदवायचे.

गावाजवळचा एखादा चमत्कारिक उंचवटा किंवा चर निवडा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात हातभर उंचीचा बांधही सावलीमुळे दिसतो, दुपारी दिसत नाही. पावसाळ्यानंतर गवत पहा. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, तिथले गवत उशिरा वाळते. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या, टेपने अंतरे घ्या आणि आलेखाच्या कागदावर उभा छेद काढा.

मग विचारा: माती कोणत्या बाजूला टाकली आहे? संरक्षणाच्या खंदकाची भर आतल्या बाजूला असते. रस्ता कापलेला असेल तर माती दरीकडे ढकललेली असते. नाचणी-वरीसाठी उतारावर केलेल्या सपाट्या डोंगराच्या समपातळीने जातात. सोंडेला आडवी तोडणारी खाच मात्र शेतकऱ्याच्या काही उपयोगाची नाही. ती बहुधा कुणाला तरी अडवण्यासाठी पाडलेली असते. घाईने 'किल्ला सापडला' म्हणू नका. 'खड्डा इतका, भर इतकी, फरक इतका' एवढेच लिहा. ती नोंद शाळेत जपून ठेवा आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. उद्या तिथे यंत्र आले, तर निदान काय गेले हे सांगता येईल, आणि कदाचित ते आधीच थांबवताही येईल.

वरंध घाटातून निघण्याआधी मी त्या मुलीला टाक्याच्या काठावर नेले. तिने टेपचे एक टोक धरले, तिच्या मैत्रिणीने दुसरे. लांबी, रुंदी आणि काठीने खोली. वहीत गुणाकार झाला. मग तिने मान वर करून चहूकडे पाहिले आणि स्वतःशीच म्हणाली, "एवढा दगड निघाला, म्हणजे भिंत इथेच कुठेतरी असणार." आणि ती शोधायला लागली.